खोक्यावरचे आकडे सपाटीचे: डोंगरगावातल्या वर्षानंतर घरच्या वस्तूंचा रिव्ह्यू

डोंगरावरच्या गावात बिऱ्हाड हलवताना सगळे आधी हीटर आणि जाड पांघरुणं घेतात. थंडीचा प्रश्न त्याने बराचसा सुटतोही. पण पाऊस, धुकं, थंडी आणि कोरडा उन्हाळा असं अख्खं चक्र फिरल्यावर कुठली वस्तू रोज वापरात राहिली आणि कुठली माळ्यावर गेली हे पाहिलं, की एक गोष्ट फार ठळकपणे दिसते. माळ्यावर गेलेल्या बहुतेक वस्तू बिघडलेल्या नाहीत. त्यांची क्षमता समुद्रसपाटीच्या हवेत, 25-30 अंशांत मोजलेली आहे आणि इथे तेवढं काम त्यांच्याकडून होत नाही, इतकंच. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला बहुधा माहीतच नसतं.

खालचे आकडे साधारण 2000 मीटर उंचीच्या, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ढगात बुडणाऱ्या आणि थंडीत रात्री पारा शून्यापाशी जाणाऱ्या गावासाठी आहेत. तुमची उंची वेगळी असेल तर हिशेब तोच, उत्तर वेगळं.

समुद्रसपाटीला हवेचा दाब 1013 हेक्टोपास्कल असतो, 2000 मीटरवर सुमारे 795. म्हणजे हवेचा पाचवा हिस्सा कमी. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो, त्यामुळे इथे पाणी 93 अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात कितीही आंच वाढवली तरी त्याच्या वर तापमान जात नाही. फक्त पाणी लवकर आटतं आणि गॅस जातो.

म्हणूनच प्रेशर कुकर ही इथली सगळ्यात किफायतशीर वस्तू. शिट्टीचं वजन आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा साधारण 1 बारने (1000 हेक्टोपास्कलने) जास्त ठेवतं. सपाटीला त्यामुळे आत 120 अंश मिळतात, इथे बाहेरचाच दाब कमी असल्याने 117 च्या आसपास. उघड्या भांड्यात जवळजवळ 7 अंश गमावतो तिथे कुकरमध्ये 3-4 वर भागतं. वेळेचा नियम सोपा आहे: 600 मीटरच्या वर दर 300 मीटरला 5 टक्के वेळ वाढवायचा. 2000 मीटरला ती वाढ 23 टक्क्यांच्या आसपास येते. सपाटीला 20 मिनिटं लागत असतील तर इथे 25. शिट्ट्या मोजणं मात्र सोडून द्या. शिट्टी किती वेळाने होते ते आंच, पाणी आणि कुकर किती भरलाय यावर ठरतं. पहिली शिट्टी झाली की आंच बारीक करून घड्याळ लावा. "शिजत नाही" म्हणून शिट्टीवर जास्तीचं वजन ठेवणं किंवा दुसऱ्या मॉडेलची जड शिट्टी बसवणं हा थेट स्फोटाचा धोका आहे. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या मूळ वजनाच्या हिशेबानेच बनवलेला असतो.

इलेक्ट्रिक किटली वाफेने बंद होणारी घ्या. तापमानाचा आकडा 100 वर पोचल्यावरच थांबणारी किटली इथे 100 गाठूच शकत नाही आणि उकळतच राहते. आणि पिण्याचं पाणी निर्जंतुक करायला उकळत असाल तर 2000 मीटरच्या वर एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं खळखळून उकळू द्या.

आता डीह्युमिडिफायर, म्हणजे खोलीच्या हवेतली ओल काढणारं यंत्र. वर्षभरात सर्वांत जास्त तास चालणारं यंत्र हेच, आणि सर्वांत चुकीचं विकलं जाणारंही हेच. खोक्यावर "20 लिटर" असं लिहिलेलं असतं, ते 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत 24 तासांत. 20 अंश आणि 60 टक्क्यांना तेच यंत्र निम्म्याहूनही कमी पाणी काढतं. अमेरिकेत 2019 मध्ये या चाचणीचं तापमान 80 वरून 65 अंश फॅरनहाइटवर (27 वरून 18 सेल्सिअसवर) आणलं, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत 70 पिंटचं (33 लिटरचं) म्हणून विकलं जाणारं यंत्र 50 पिंटचं (24 लिटरचं) झालं. आतला एक स्क्रूही बदलला नव्हता.

असं का होतं ते यंत्राच्या पोटात दिसतं. कॉम्प्रेसरवाल्या यंत्रात गार कॉइलवर हवेतली वाफ थेंबाथेंबाने जमते. खोलीच 13-14 अंशांवर असेल तर पाणी काढण्यापुरती गार होताना कॉइल शून्याखाली जाते आणि थेंबाऐवजी बर्फ धरतो. मग यंत्र दर थोड्या वेळाने स्वतःला वितळवत बसतं. कॉम्प्रेसरचा आवाज येतोय पण टाकीत पाणी नाही, अशी तक्रार असली की मागचा फिल्टर काढून टॉर्च मारा. पत्र्याच्या बारीक पंखांवर पांढरा थर दिसला तर यंत्र ठीक आहे, खोली त्याच्यासाठी थंड आहे.

दुसरा प्रकार डेसिकंटचा. त्यात जिओलाइट या ओल शोषणाऱ्या खनिजाचं चाक हवेतली वाफ शोषतं आणि आतला हीटर ती वाफ चाकातून काढून टाकीत उतरवतो. 5 अंशांतही हे यंत्र नीट चालतं, आवाज कमी, वजन कमी, आणि बाहेर पडणारी हवा दहाएक अंशांनी उबदार. वीज मात्र 300 ते 700 वॅट खातं. निवड अशी करा: पावसाळ्यात ज्या खोल्या 18 अंशांच्या वर असतात तिथे कॉम्प्रेसर, वीज वाचते; ज्या 15 च्या खाली जातात तिथे डेसिकंट. एकच घ्यायचं असेल आणि घर थंड असेल तर डेसिकंटच घ्या.

दोन्ही प्रकारांत गैरसोय एकच, ती म्हणजे टाकी. दोन-चार लिटरची टाकी मध्यरात्री भरते आणि यंत्र गुपचूप बंद पडतं. मागच्या ड्रेनला नळी लावून ती सरळ उतारावर न्हाणीघरात सोडा. नळीला मध्ये झोल पडला की पाणी अडतं आणि यंत्राखाली सांडतं. यंत्र भिंतीपासून 20-30 सेंटीमीटर लांब, खोलीचं दार बंद, सेटिंग 55 टक्के. 45 च्या खाली नेऊ नका, लाकडाचे सांधे उघडायला लागतात. पावसाळ्यात कपडे वाळवणं हेच त्याचं मोठं काम. 5 किलो सुती कपडे मशीनमधून पिळून आले तरी त्यांत अडीच ते तीन लिटर पाणी असतं. ते सगळं खोलीच्या हवेत जाऊन मग यंत्रात येणार, म्हणून आधी मशीनचा स्पिन मिनिटाला 1200 फेऱ्यांवर न्या. तिथे निघालेलं पाणी सगळ्यांत स्वस्तात निघतं.

आर्द्रता मोजायला साधा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, पण तो विकत आणल्यावर तपासावाच लागतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलसर चिखलासारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर दोन्ही घट्ट डब्यात बंद करून एका जागी दिवसभर ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता होते. मीटर 69 दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक वाचनात 6 मिळवा. दहा पैशांचं मीठ महागड्या मीटरची परीक्षा घेतं, आणि ही परीक्षा न करता बुरशीशी लढणं म्हणजे डोळे बांधून लढणं आहे.

कारण बुरशी खोलीच्या आकड्यावर उगवत नाही, भिंतीच्या आकड्यावर उगवते. खोलीत 18 अंश आणि 60 टक्के असताना सगळं छान वाटतं. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे भिंत 12 अंशांवर असते आणि तीच हवा तिथे गार होऊन 88 टक्क्यांवर जाते. 80 च्या वर काही दिवस राहिलं की बुरशी धरते. म्हणून कपाट आतल्या भिंतीला लावा, आणि जागाच नसेल तर भिंतीपासून 5-8 सेंटीमीटर पुढे ओढून खाली-वर हवा खेळू द्या. कॅमेरा आणि लेन्स मात्र कपाटात नकोतच. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि 40-50 टक्के आर्द्रता. जेलचा रंग बदलला की 120 अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवून पुन्हा वापरता येतं.

"खिडक्या उघडा, ओल जाईल" हा सल्ला इथे अर्धाच खरा. 10 अंशांची धुक्याची हवा कितीही ओली दिसली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये 9.4 ग्रॅमच वाफ मावते. ती आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता 54 टक्क्यांवर येते. म्हणजे थंडीत दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडून मग हीटर लावणं हा उत्तम उपाय आहे. पावसाळ्यात बाहेर 19 अंश आणि आत 20 असताना मात्र खिडकी उघडून ओलच घरात येते. तेव्हा खिडक्या बंद आणि यंत्र चालू.

हीटरच्या बाबतीत पैसे वाया घालवणं फार सोपं आहे. 2000 वॅटचा पंखेवाला, सिरॅमिक किंवा तेलाचा, तिघेही तेवढीच उष्णता देतात आणि तासाला दोन युनिटच घेतात. फरक वागण्यात आहे. पंखेवाला न्हाणीघराला पाच मिनिटांत उबदार करतो. तेलाचा तापायला अर्धा तास घेतो पण बंद केल्यावरही ऊब धरतो आणि झोपताना आवाज करत नाही. झोपण्याच्या खोलीला तेलाचाच. तो एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, 2000 वॅटला भिंतीतला 16 अँपिअरचा सॉकेटच हवा.

गॅसची उपकरणं हा वेगळा आणि गंभीर विषय. विरळ हवेत बर्नरला लागेल तेवढा ऑक्सिजन ओढता येत नाही. गॅस सोडणारं नोझल (जेट) सपाटीच्या मापाचं असेल तर ज्योत पिवळी, लांब होते, भांड्याला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही. ज्योत निळी आणि आखूड नसेल तर मेकॅनिककडून हवेची झडप आणि जेट तपासून घ्या. ऑक्सिजन सेन्सर असलेले गॅस हीटर या उंचीवर खोली हवेशीर असतानाही आपोआप विझू शकतात. असा सेन्सर काढून टाकणारे लोक आहेत, ते अजिबात करू नका. बंद न्हाणीघरात गॅस गीझर बसवू नये, कुठल्याच उंचीवर. आणि झोपण्याच्या खोलीजवळ एक कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच. त्याचा सेन्सर 5 ते 10 वर्षांत संपतो, मागे तारीख छापलेली असते.

थंडीत सिलिंडर अर्धा असूनही गॅस मंदावतो, त्याचं कारण आतल्या ब्यूटेन आणि प्रोपेनच्या मिश्रणात आहे. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली द्रवच राहतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत वाफ होतो. प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्यूटेन उरतो. सिलिंडर वाऱ्यापासून आडोशाला, लाकडी फळीवर उभा ठेवा. त्याला गरम पाणी घालणं किंवा ज्योत दाखवणं नको.

फ्रिज घेताना आतल्या स्टिकरवरचा हवामानवर्ग वाचा. एसएन म्हणजे 10 ते 32 अंश, एन आणि एसटी 16 पासून, टी म्हणजे 16 ते 43. गरम प्रदेशातले फ्रिज बहुधा टी वर्गाचे असतात. स्वयंपाकघर थंडीत 7-8 अंशांवर असेल आणि फ्रिजमध्ये एकच थर्मोस्टॅट असेल तर तो खालच्या कप्प्यात बसलेला असतो. कप्पा आधीच गार, म्हणून कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि वरचा फ्रीझर पाघळतो. तक्रार केली की मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो, काही उपयोग होत नाही. एसएन वर्गाचा किंवा फ्रीझरला स्वतंत्र सेन्सर असलेला फ्रिज घ्या, किंवा आहे तो सर्वांत उबदार खोलीत हलवा.

वीज जाण्याच्या दृष्टीने इन्व्हर्टर अत्यावश्यक, पण त्याचा हिशेब कागदावर मांडूनच घ्या. 150 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे 1800 वॅट-अवर. हा आकडा 25-27 अंशांतला आणि 20 तासांत सावकाश रिकामी केल्याचा. 5 अंशांत त्यातले साधारण 80 टक्के मिळतात, म्हणजे 1440. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, 720. इन्व्हर्टरमध्ये 15 टक्के जातात, हातात राहिले 610. राउटर, चार एलईडी दिवे आणि लॅपटॉप मिळून 100 वॅट धरले तर सहा तास. दुकानात याच बॅटरीचा बॅकअप अठरा तास सांगितला जातो.

त्याहून मोठा घोळ चार्जिंगचा. थंडीत शिसे-आम्ल बॅटरीला पूर्ण भरायला जास्त व्होल्टेज लागतं, 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला 18 ते 30 मिलिव्होल्ट. 25 वरून 5 अंशांवर आलं की जवळजवळ अर्धा व्होल्ट. तापमानाचा सेन्सर नसलेला इन्व्हर्टर हे ओळखत नाही, "फुल" दाखवतो आणि बॅटरी वर्षभर अर्धपोटी राहते. प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि दुसऱ्याच थंडीत बॅकअप कोसळतो. टर्मिनलला चिकटवायचा तापमान सेन्सर असलेलं मॉडेल मागा. बॅटरी उघड्या गॅलरीत ठेवू नका: पूर्ण भरलेली गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे 10 च्या आसपास गोठून फुटते. घरात फळीवर, वरच्या बाजूला हवेची भोकं असलेल्या लाकडी खोक्यात ठेवा, कारण चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन बाहेर पडला पाहिजे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि टिकाऊ, पण शून्याखाली तिला चार्ज करता येत नाही. चांगल्या बॅटरीतलं सर्किट स्वतःच चार्जिंग रोखतं.

अर्थिंगकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष असतं. खडकाळ जमीन वीज नीट वाहून नेत नाही, आणि डोंगरावर विजा जास्त. विजेच्या अचानक झटक्यापासून उपकरणं वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर चांगल्या अर्थिंगशिवाय शोभेचा डबा आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रोध कोरड्या महिन्यांत मोजून घ्या, 5 ओहमच्या आत हवा. पावसाळ्यातलं वाचन फसवं असतं, माती ओली असते.

जनरेटरची ताकद दर 300 मीटरला साडेतीन टक्क्यांनी उतरते. 2000 वॅटचा इथे 1550 च्या आसपास. 1500 मीटरच्या वर कार्ब्युरेटरला उंचीचा जेट लागतो, नाहीतर मिश्रण पेट्रोलने जड होऊन प्लग काळा पडतो. तो जेट ठेवून जनरेटर खाली सपाटीला चालवला तर मिश्रण हलकं पडून इंजिन तापतं. गाडीचंही तसंच: टर्बो नसलेलं इंजिन हजार मीटरला 10 टक्के गमावतं. टायरची हवा गावातच, गाडी थंड असताना भरा. खालून 2000 मीटर वर आलं की मीटर 3 पीएसआय जास्त दाखवतो आणि पारा 10 अंशांनी उतरला की दीडेक पीएसआय कमी. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर उकळतं, दोन वर्षांत बदलाच.

पाइपांपैकी उघड्यावरच्या जागी काळा एचडीपीई (लवचीक प्लॅस्टिकचा) सर्वोत्तम. पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गोठण्याचा ताण सोसत नाही. पाणी गोठताना 9 टक्के फुगतं, पण पाइप बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा पुढे सरकतो, तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि तिथे चीर जाते. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ करंगळीएवढ्या धारेने सोडण्याची गरज नाही, थेंबथेंब पुरतो. सर्वांत खालच्या जागी एक ड्रेन व्हॉल्व्ह बसवा. घर बंद करून जाताना तो उघडला आणि वरचे नळही उघडे ठेवले की लाइन रिकामी होते.

किरकोळ गोष्टी: बॅकअपसाठी साधी हार्ड डिस्क 3050 मीटरपर्यंतच चालवायची असते, तिथून वर आत फिरती तबकडी नसलेली एसएसडी. प्रोजेक्टरमध्ये "हाय अल्टिट्यूड" नावाचं सेटिंग असतं, ते चालू करा, पंखा वेगाने फिरतो आणि दिवा वाचतो. अतिनील किरण हजार मीटरला सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे छतावरची स्वस्त प्लॅस्टिक टाकी, दोऱ्या आणि ताडपत्री अपेक्षेपेक्षा लवकर तडकतात. टाकी तीन थरांची घ्या, दोरी नायलॉनऐवजी पॉलिस्टरची.

दुहेरी काचेच्या खिडक्या करणार असाल तर ऑर्डरवर गावाची उंची लिहून द्या. खाली कारखान्यात सीलबंद केलेल्या दोन काचांमध्ये खालचीच हवा कोंडलेली असते. वर आल्यावर बाहेरचा दाब 200 हेक्टोपास्कलने कमी झाल्याने काचा बाहेरच्या बाजूला फुगतात, त्यांतलं प्रतिबिंब वाकडं दिसतं, कडेचं सील ताणलं जातं आणि ते सुटलं की दोन काचांच्या मध्ये धुकं बसतं, जे पुसता येत नाही. यासाठी कडेच्या पट्टीत केसासारखी बारीक नळी ठेवतात, तिच्यातून प्रवासातच दाब समान होतो. अशा काचेत आर्गॉन टिकत नाही, साधी हवाच असते. ऊब थोडी कमी अडते, पण काच टिकते. इथे तोच व्यवहार बरा.